मिसेस लोमॅक्स, बांधावरचं घर

हेदरक्लफ, लँकेशर
३ ऑक्टोबर १९३५

नॅन,

पत्र लिहू नका, असं तू जाताना बजावलं होतंस. पावणेदोन वर्षं मी ते पाळलं. आज मोडते आहे, निमित्त लाकडाचं. मँचेस्टरचा आपला म्हातारा ठोकळेवाला दुकान बंद करतोय. त्याच्याकडचे बॉक्सवुडचे शेवटचे ठोकळे मी उचलले. त्यातले बारा तुझ्या नावाने न्यूझीलंडला, डुनेडिनच्या पत्त्यावर, वेगळ्या पार्सलने निघाले आहेत. इतकं घट्ट, कोरणीखाली लोण्यासारखं कापलं जाणारं लाकूड पुन्हा मिळायचं नाही. परत पाठवू नकोस. वापरायचं नसेल तर चुलीत घाल, पण मला सांगू नकोस.

आपल्या कारागीर मंडळाचं प्रदर्शन गेल्या आठवड्यात पार पडलं. त्रेचाळीस जण होते: विणकर, कुंभार, पुस्तकबांधणीवाले. भाषणांत माझ्या ‘उदार हातां’चा उल्लेख तीनदा झाला. त्याच हातांनी कोरलेल्या माझ्या छापांसमोर मात्र कोणी दोन मिनिटं थांबलं नाही. घरी आल्यावर बर्था म्हणाली, “अहो मिस हेस्टर, लोक चहाच्या टेबलाकडे होते. कलेचं काय, ती थंड झाली तरी चालते.” बर्था अजून माझा स्वयंपाक करते आणि माझ्यावर राज्य करते. तिने तुला आठवण सांगितली आहे.

आता त्या ठोकळ्याबद्दल, ज्यापायी तू निघून गेलीस. लाकडात जे कोरून काढावं ते छापात पांढरं येतं आणि पुन्हा काळं करता येत नाही, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं. आणि तू कोरलेल्या ‘बांधावरचं घर’ला, तुला न विचारता, मीच कोरणी लावली. खिडकी फार काळी वाटत होती. तिला जरा उजेड दिला, एवढंच. आपल्या छापांचं पुस्तक छापायला जायचं होतं, वेळ नव्हता. चूक झाली.

कळावे.
हेस्टर थॉर्निली

ता. क. तुझ्या छापांची एक जुनी गिऱ्हाईक होती, मिसेस लोमॅक्स, बांधावरच्या घरात राहणारी. तिची पत्रं तुला अजून येतात का? सहज विचारते आहे. येत असतील तर शेवटचं कोणत्या तारखेचं, तेवढं कळव.


१२ नोव्हेंबर १९३५

नॅन,

माझं आधीचं पत्र तुझ्या हातात आता कुठे पडलं असेल. उत्तराची वाट पाहण्याइतका धीर मला नाही. ‘सहज’ विचारलं, हे खोटं होतं.

मिसेस लोमॅक्स नावाची बाई नाही. कधी नव्हती. ती मी रचली.

अठ्ठावीस सालचा तो वसंत आठव. मंडळाच्या खोलीत तुझं पहिलं प्रदर्शन. अकरा छाप भिंतीवर, आणि तू ओले बूट घालून कोपऱ्यात उभी. चार दिवसांत एकही छाप गेला नाही. मी विकत घेते म्हटलं तेव्हा तू काय म्हणालीस? “दयेच्या पैशात मला पुरलंत तर थडग्यातून उठून बाहेर येईन.” तुमच्या कर्शॉ घराण्याची जीभ! मग मी घरी जाऊन डाव्या हाताने एक पत्र लिहिलं. आपण कोरणारे सगळं उलटं कोरतो, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. फक्त ‘ग’ उलटा पडायचा, तो मी तसाच ठेवला. एका विधवेला अकराही छाप हवे आहेत, असं लिहिलं. पत्ता दिला आमच्या कापडगिरणीच्या तळ्याच्या बांधावरच्या घराचा. बांधाचे दरवाजे सांभाळणारा माणूस गेल्यापासून ते रिकामं होतं आणि किल्ली एकच, माझ्याकडे.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तू उत्तर लिहिलंस, चार पानांचं. मी पुन्हा लिहिलं. सहा वर्षं हे चाललं. पोस्टमन एमॉस पत्रं दाराखालून सरकवायचा, मी जाऊन उचलायचे. तुझे छाप मी त्याच घरात भिंतींवर लावले होते. तुझी आई गेली तेव्हा मी तुला एक शाल पाठवली आणि समोर भेटलीस तेव्हा दोन औपचारिक वाक्यं बोलले. पण मिसेस लोमॅक्सला तू आठ पानं लिहिलीस. माझ्याबद्दलही लिहायचीस. ‘मिस थॉर्निली चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर श्वास घ्यायलासुद्धा परवानगी मागावी असं वाटतं.’ मला पाठ आहे ते.

तू निघून गेलीस. चौतीसच्या फेब्रुवारीत मी तिच्या नावाने शेवटचं पत्र टाकलं: डोळे गेले, आता लिहिणं होणार नाही. घराला कुलूप घातलं. त्यानंतर मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

आणि यंदाच्या सप्टेंबरात माझ्या घराच्या फाटकाशी टपाल देताना एमॉस म्हणाला, “तुमच्या मिसेस लोमॅक्स मोठ्या मनाच्या हो. पाकिटावरचं न्यूझीलंडचं तिकीट मागितलं, तर जपून सोडवून, वाळवून दिलं.”

“कोणी दिलं?”

“त्यांनीच. दारात उभ्या होत्या. का?”

“कोणत्या हाताने दिलं, एमॉस?” हे मी का विचारलं कोण जाणे.

तो हसला. “हे काय विचारणं झालं? डाव्या. डावखुऱ्याच आहेत ना त्या.”

डाव्या हाताने लिहायचे, हे मी जगात कोणालाही सांगितलेलं नाही, नॅन. आज तुला पहिल्यांदा सांगते आहे.

हेस्टर


९ डिसेंबर १९३५

नॅन,

काल त्या घरात जाऊन आले. बर्थाला म्हटलं, कोणीतरी भटकी बाई घुसली असेल. ती कणीक मळत म्हणाली, “घुसली असेल तर दोन वर्षं भाडं न देता राहिलेली हुशार बाई आहे. दुपारीच जा, आणि आधी दार वाजवा. माणसं दार वाजवतात.”

दार वाजवलं नाही. कुलूप माझंच होतं, गंजलेलं. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले. त्या कुलपाला कोणी हात लावला असेल, असं मला वाटत नाही.

आत चूल झाडलेली होती. किटली गरम होती. मी हातमोजा काढून तळवा लावला आणि पोळले. टेबलावर अर्धी कापलेली पावरोटी, सुरी डाव्या बाजूला. खुर्चीवर राखाडी लोकरीचं विणकाम, सुया अजून टाक्यांत. खोलीत कपड्याच्या पिवळ्या साबणाचा वास होता. दुसरं दार नाही, माळा नाही. खिडक्या आतून बंद. मी मोठ्याने विचारलं, “कोण आहे?” माझा आवाज गिरणीच्या मुकादमासारखा निघाला.  मी बोलत होते तोवर विस्तवातला कोळसा चुरचुरत होता, आणि मी थांबले तसा तोही थांबला.

तुझे अकरा छाप भिंतीवर होते. बारावाही होता. काळी वाळू, तिच्यावर पांढऱ्या लाटेची एकच सलग रेघ, आणि पाठमोरा उभा असलेला घोडा. खाली तुझी सही, सन १९३५. हा छाप मी कधी पाहिलेला नाही. तुझा हात किती पुढे गेला आहे! भीती विसरून मी त्या लाटेसमोर किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. ती रेघ तू एका दमात ओढलीस ना? मला या जन्मात जमायची नाही.

मग मागे खुर्ची करकरली, कोणी उठावं तशी. वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. विणकाम मात्र आता टेबलावर होतं.

मी कुलूपही न लावता आले.

ह.


८ जानेवारी १९३६

नॅन,

तुझं पत्र मिळालं, माझ्या ऑक्टोबरच्या पत्राचं उत्तर. ‘लाकूड चांगलं आहे, ठेवून घेते. मिसेस लोमॅक्स दर महिन्याला लिहितात. त्याचं तुम्हाला काय? एक पत्र सोबत जोडलंय, वाचून परत पाठवा.’ इतकंच. तुझं बरोबर आहे. आणि माझी कबुली तुला मिळण्याआधीचं आहे हे.

सोबतचं पत्र मी खिडकीशी नेऊन वाचलं. ते माझं अक्षर आहे. माझ्या डाव्या हाताचं, उलट्या ‘ग’चं, ओळी उजवीकडे चढत जाणारं. तारीख गेल्या ऑगस्टची. मजकूर इथे उतरवून ठेवते आहे, कारण मूळ तुला परत करायचं आहे.

‘पोरी, तुझा घोडा पोचला. चुलीवर टांगलाय, तेवढीच बिचाऱ्याला ऊब. समुद्रावर नुसता कुडकुडत उभा केलायस त्याला. खोकल्याला कांदा आणि काकवी घे, डॉक्टरला काय कळतंय. तुमची मिस हेस्टर आजही फाटकाशी येऊन उभी राहिली. पाचवी खेप ही. गोठा चुकलेल्या गाईसारखी बघत राहते. “आत ये गं बाई, चहा घे” म्हणून हाक मारते, पण तिला ऐकू येत नाही. तिच्यावर राग धरू नकोस. विसरूही नकोस. खिडकीतून तिने मला काढलं, ते उजेडासाठी नव्हे.’

नॅन, अशी भाषा मला येत नाही. ‘पोरी’ हा शब्द मी आयुष्यात कोणाला म्हटलेला नाही.

आता ऐक. कुलूप घातल्यावर तिकडे पाऊल टाकलं नाही, असं मी लिहिलं होतं. फाटकापर्यंत मी पाच वेळा गेले होते. पाचच. कोणी पाहिलं नव्हतं.

आणि खिडकी. तुझ्या ठोकळ्यात त्या खिडकीत एक बाई होती. जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी, हात कपाळावर धरून वाटेकडे बघणारी. मागे तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, ‘मिसेस लोमॅक्ससाठी. न भेटता ओळखते त्यांना.’ तू माझ्याकडे सहा वर्षं शिकलीस, माझ्या टेबलावर जेवलीस, आणि आपलं सगळ्यात सुंदर काम तू माझ्यासाठी केलं नाहीस. माझ्याच डाव्या हातासाठी केलंस. मला तिचा मत्सर वाटला. जी नाहीच, तिचा. मी बारीक कोरणी घेतली आणि तिला काढून टाकलं. तीन फटकारे लागले. छापात तिथे पांढरा चौकोन आला. सगळे म्हणाले, वा, काय उजेड आहे.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला मात्र माहीत आहे.

हेस्टर


२० फेब्रुवारी १९३६

नॅन,

माझ्या कबुलीवर तू रागावशील, थुंकशील, सगळं गृहीत धरलं होतं. तू जे लिहिलंस ते धरलं नव्हतं.

‘तुमचं पत्र तीनदा वाचलं,’ तू म्हणतेस. ‘मग सगळी जुनी पत्रं काढली. चौतीसच्या फेब्रुवारीपर्यंतची तुमची आहेत, पटलं. त्यांत व्याकरण बरोबर आहे आणि माणूस कमी आहे. तेव्हा मला कोणीच नव्हतं, दगडाने पत्र लिहिलं असतं तरी मी जीव लावला असता. पण त्यानंतरची पत्रं तुमची नाहीत, मिस थॉर्निली. ती बाई मला हसवते. तुम्ही तिला रचलं असेल. माझ्या आजीने माझ्या आईला जन्म दिला, म्हणून आई काही आजी नव्हे. त्या आता थकल्यात, चुलीचे कोळसे उचलवत नाहीत म्हणतात. मला बोलावलंय. एप्रिलच्या दहा तारखेच्या बोटीने निघते आहे. तुम्हाला भीती वाटते हे कळलं. मला वाटत नाही. तिकडे मला दुसरं बोलावणार तरी कोण आहे?’

मी बोलावते आहे. माझ्या घरी ये. तुझी उत्तरेकडची खोली तशीच आहे, टेबल खिडकीशी आहे, कोरताना ठोकळा टेकवायची वाळूची चामडी उशी मी स्वतः पुन्हा भरून घेतली. पण त्या घरात जाऊ नकोस. तिथे जे आहे त्याने तुझं नाव कुठून काढलं, तुला कशासाठी बोलावलंय, हे तुला माहीत नाही, मलाही नाही. एमॉस म्हणतो ती चांगली आहे. बर्था म्हणते, “वाईट असती तर माझ्याकडून मुरंब्याची कृती मागितली नसती.” हो, बर्थासुद्धा तिला भेटली आहे. बाजारात. अख्खं गाव तिला भेटलं आहे. मी सोडून.

शिवाय बांधाची दुरुस्ती निघते आहे. पाया खचलाय म्हणतात. ते घर तू येईपर्यंत राहील की नाही, सांगता येत नाही.

हेस्टर


२७ मार्च १९३६

नॅन,

हे पत्र तू निघण्याआधी पोचणार नाही. टिलबरी बंदरावर, बोटीच्या नावाने ठेवायला पाठवते आहे. उतरशील तेव्हा मिळेल.

बांधाचा पाया खचलेला नाही. घर पाडायचं मीच ठरवलं. बर्नलीहून बाहेरचे गवंडी बोलावले, गावातला एकही त्या घराला हात लावायला तयार झाला नसता. छपराच्या स्लेटच्या दोन-चार पाट्या उतरल्या असतील, इतक्यात गवंड्यांचा मुकादम सेथ माझ्या दारात आला. चिखलाने माखलेला आणि संतापलेला.

“बाईसाहेब, घर रिकामं आहे म्हणालात.”

“आहेच.”

“आत म्हातारी बसलीय! तिच्या डोक्यावरचं छप्पर काढायला लावलंत होय आम्हाला? मीही आईच्याच पोटी जन्मलोय.”

मी त्याच्याबरोबर गेले. या वेळी दार वाजवलं. सेथने ढकललं, आत गेला आणि टोपी काढली. चुलीजवळच्या खुर्चीसमोर वाकून म्हणाला, “घेऊन आलो बघा त्यांना.”

खुर्ची रिकामी होती, नॅन. मी तुला खरं सांगते आहे. शाल होती, शालीत कोणी नव्हतं.

सेथ ऐकत होता. मान हलवत होता. मग माझ्याकडे वळला. “अहो, त्या तुमच्याशी बोलतायत.”

“काय म्हणतायत?”

“म्हणजे? इथे समोर तर... बसा म्हणतायत. उभं राहून राहून पाय दुखले असतील म्हणतायत.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बहिऱ्या किंवा उर्मट माणसाकडे बघतात. कोणतं, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं.

मी स्टुलावर बसले. विचारलं, “तुम्हाला नॅनकडून काय हवंय?”

सेथने खुर्चीकडे कान दिला. सेथला हसू आलं, त्याने ते मिशीत दाबलं. “म्हणतायत, कोळसा आत आणायला कोणीतरी. आणि सोबत. ‘या बाईला काय वाटलं, मी पोरीला खाणार आहे?’ असं म्हणतायत.”

“आणि माझ्याकडून?”

या वेळी सेथ हसला नाही. खुर्चीकडे बघत राहिला, मग खाली टोपीकडे. “तुमच्याकडून काही नको म्हणतायत, बाईसाहेब.”

टेबलावर चहाचे दोन कप होते. माझ्यासमोरचा भरलेला होता. मी प्यायले. साखर तीन चमचे होती. मी बिनसाखरेचा पिते. तरी सगळा प्यायले.

काम थांबवलं आहे. घराचा कागद तिच्या नावे करून द्यायचा आहे. वकील विचारतो, संपूर्ण नाव काय?

हेस्टर


१९ मे १९३६

नॅन,

बंदरावर तुला दोन पत्रं मिळतील. हे आधी वाच.

मिसेस लोमॅक्स गेल्या. गुरुवारी सकाळी, आठच्या सुमाराला. एमॉस टपाल द्यायला गेला तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. काल त्यांना चर्चच्या आवारात पुरलं.

मार्चच्या पत्रात मी लिहिलं, ‘दोन-चार पाट्या’. खरं काय ते सांगते. सेथने काम सुरू करण्याआधी विचारलं होतं, आत पाहून घेऊ का? मी म्हटलं, गरज नाही, दार उघडू नका. मार्चमधल्या त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तरेकडचं अर्धं छप्पर उतरलं होतं. रात्रभर आणि मंगळवारभर पाऊस पडला. काम बंद होतं म्हणून कोणी गेलं नाही. बुधवारी सेथ ताडपत्री टाकायला आत शिरला, तेव्हा मिसेस लोमॅक्स भिंतीला टेकून बसल्या होत्या, शाल पिळून निघेल इतकी भिजलेली, आणि तुझे छाप मांडीवर उलटे धरून कोरडे ठेवले होते. बाराच्या बारा कोरडे आहेत. छप्पर मी आठवड्यात पुन्हा घालून घेतलं, पण छातीत गेलेली सर्दी निघाली नाही. डॉक्टर दिवसाआड जात होते. बर्था रोज सूप घेऊन जायची. मीही जायचे. स्टुलावर बसायचे. खोकला ऐकू यायला लागला होता मला, शेवटच्या आठवड्यात. फक्त खोकला. शालीतून.

मी तिला दोनदा काढून टाकलं. पहिल्या वेळी लाकडातून.

अंत्ययात्रेला अख्खं गाव होतं. गिरणी तासभर बंद ठेवायची परवानगी कोणी मालकाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, मागितली नाही. माणसं आपणहून निघून आली. सहा जणांनी शवपेटी उचलली आणि बांधाच्या चढावर दोनदा खाली ठेवली, इतकी जड होती. मी मागून चालत होते. बायका मला वाट करून देत होत्या, पण कोणी बोलत नव्हतं. सेथ बर्नलीहून आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

चर्चमध्ये झाकण लावण्याआधी पुरणारा म्हणाला, “कोणाला शेवटचं बघायचंय?” बर्थाने मला कोपराने ढकललं. “जा. आता तरी जा.”

मी गेले. आणि ती मला दिसली.

माझ्यासारखी असेल, अशी भीती मी इतके महिने पोटात धरून होते. मुळीच नव्हती. रुंद चेहरा, जाड भुवया, नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. ओठावर जुना व्रण. सत्तरीची असेल. अशा चेहऱ्याची बाई मी कधी पाहिली नव्हती, आणि मला सुचलीही नसती. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती, जखम कित्येक वर्षांची, पांढरी पडलेली. पिंजणयंत्रात हात गेलेल्या बायकांचे हात असेच असतात; आमच्या गिरणीत मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हणून ती डाव्या हाताने लिहायची. तिचं कारण तिचं होतं. त्यात माझं काही नव्हतं.

एमॉस म्हणाला, “काय हो, पहिल्यांदा बघताय असं बघताय!” मग माझा चेहरा पाहून त्याने मला बाकावर बसवलं. मी रडत होते, नॅन. मोठ्याने. माझी आई गेली तेव्हाही मी रडले नव्हते.

घर उघडं आहे, कुलूप मी काढून टाकलं आहे. कोळसा आत आणून ठेवला आहे, मी स्वतः आणला. विणकाम टेबलावर आहे, लांबीवरून मफलर वाटतो, तुझ्यासाठीच असावा. तुझा तो ठोकळाही तिथे ठेवला आहे. पांढऱ्या चौकोनाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मंडळाचं काम मी सोडलं. मी स्टेशनवर येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, दार वाजवून.

एकच विचारायचं आहे. चर्चचे धर्मगुरू खोळंबले आहेत, नोंदवहीत आणि दगडावर काय घालायचं म्हणून. दगड मी कोरणार आहे. दुसऱ्या कोणाला देणार नाही. त्यांनी गावात सगळ्यांना विचारलं, कोणालाच माहीत नाही, सगळे तिला मिसेस लोमॅक्सच म्हणायचे. मग ते माझ्याकडे आले, तुम्ही तिला सगळ्यांत आधीपासून ओळखत होता म्हणून. मी सहा वर्षं तिच्या नावाने पत्रं लिहिली आणि तिला पहिलं नावच दिलं नव्हतं. सुचलंच नव्हतं मला, तिला ते लागेल असं.

तुला तिने सांगितलं असेल. तिचं नाव काय होतं, नॅन?

हेस्टर